भिंतीचं काम

"किती फुगलीय भिंत?" साहेबांनी विचारलं.

शिवणकाम करणाऱ्या बाईने दोन्ही हात पोटापुढे गोल धरून दाखवले. "दिवस भरलेल्या बाईसारखी दिसते, साहेब."

साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "भिंत कोणाची?"

"पाणीखात्याची. वर टाकी, खाली आमची गल्ली. टाकी गळते, ते पाणी भिंतीत मुरतं. परवा दोन दगड निसटून शेजाऱ्यांच्या पत्र्यावर पडले. घरात कुणी नव्हतं म्हणून बरं."

दोन अधिवेशनांमधले हे दिवस साहेबांच्या आवडीचे. सभागृहात नुसता आरडाओरडा, काम काय ते इथे, असं ते म्हणत. सकाळी इस्त्रीचा सदरा घालून ते वरच्या मजल्यावरच्या या खोलीत येऊन बसत. बाहेर लोकांसाठी बाकं मांडलेली असत. सहायक एकेकाला आत सोडायचा.

बाईला या गावात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. नवरा परगावी ट्रक चालवायचा. इकडे सासूने अंथरूण धरलं, तेव्हा ती आपलं शिवणयंत्र घेऊन सासूजवळ राहायला आली. भिंतीसाठी खेटे घालून घालून तिच्या चपला झिजल्या होत्या. पाणीखात्यातले म्हणत, भिंत बांधकामवाल्यांची. बांधकामवाले म्हणत, ज्याचं पाणी त्याची भिंत. शेवटी सासूच म्हणाली, "साहेबांकडे जा. गल्लीत नळ त्यांनीच आणला. शब्द दिला की मोडायचा नाही तो माणूस."

फाटकावरच्या माणसाने काय काम आहे ते विचारून घेतलं आणि तिला वर पाठवलं.

"सासूबाई चालतात?"

"कुठल्या चालतात! उचलूनच न्यावं लागतं. आज संध्याकाळी बहिणीकडे हलवणार आहे त्यांना. बोचकी बांधून ठेवलीत. गल्लीतले सगळे म्हणतात, तू निघालीस तर आम्हीही निघतो. पण साहेब, तिकडे मला गिऱ्हाईक कोण देणार? बहिणीची दीड खोली. मेहुण्याचं तोंड आत्तापासूनच वाकडं झालंय."

"मेहुण्यांची तोंडं तशीच घडवलेली असतात," साहेब म्हणाले.

बाईला हसू फुटलं. किती दिवसांनी ती हसत होती.

सहायक चहा घेऊन आत आला. बशीत एक गोळी होती. "साहेब, औषध."

"राहू दे ते. अधिवेशनाची तारीख आली का? ही भिंत मी सभागृहात उभी करणार आहे."

"अजून नाही आली, साहेब."

"कधीपासून हेच ऐकतोय! सरकार झोपलंय की काय?" साहेबांनी गोळी घेतली, वर चहाचा घोट घेतला. "त्या इंजिनिअरला फोन लाव."

सहायकाने आपल्या मोबाइलवर नंबर लावला आणि बाईलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"काय हो, टाकीखालची भिंत बघितलीत का?" साहेबांचा आवाज एकदम करडा झाला. "आज बायकामुलांना घेऊन तिथे मुक्कामाला जा. सकाळी उठलात तर मला कळवा."

पलीकडून घोगरा आवाज आला. "चुकलं, साहेब. उद्या सकाळीच माणसं लावतो. आधी टेकू देतो, मग भिंत उतरवून घेतो."

"आणि आजची रात्र? लोकांना तिथून हलवा. शाळा उघडून द्या त्यांना."

"नको, साहेब. उगाच घबराट होईल, पेपरवाले धावत येतील. मी स्वतः बघून आलोय. भिंत अजून दोन-तीन महिने तरी जागची हलत नाही. माझ्या जबाबदारीवर सांगतो."

साहेबांनी बाईकडे पाहिलं. तिचा चेहरा उजळला होता.

"बघा हं," ते फोनमध्ये म्हणाले. "त्या गल्लीत कुणाला खरचटलं तरी गाठ माझ्याशी आहे."

"हो साहेब. समजलं, साहेब."

बाईचे डोळे भरून आले. साहेब म्हणाले, "रडतेस काय वेड्यासारखी! लोकांची कामं करायलाच तर बसवलंय मला इथे. सासूबाईंना सांग, नळ आणणारा अजून शाबूत आहे."

जिना उतरता उतरताच तिने शेजारणीला फोन लावला. "बोचकी सोडायला घ्या. कुणी कुठे जायचं नाही. उद्या माणसं येतायत. अहो, माझ्यासमोर झापलं त्याला! इंजिनिअर नुसता साहेब साहेब करत होता. आणि आईंना तेवढं सांगा, आज आपल्याच घरात झोपायचंय म्हणावं."

रस्त्यावर येताच तिला आठवलं, दोन ब्लाऊज उद्याच द्यायचे होते. ती भराभर चालू लागली.

तळमजल्यावर मागच्या खोलीत, गेल्या निवडणुकीत वडिलांच्या जागी निवडून आलेल्या आमदारांनी फोन खाली ठेवला. इंजिनिअरचा आवाज काढून काढून त्यांचा घसा धरला होता. कोमट पाण्याचा घोट घेत त्यांनी सहायकाला विचारलं, "भिंतवाली गेली ना? मग त्या पुलाच्या तक्रारवाल्यांनाही पाठव वर बाबांकडे."