दादाने लावलेला मँडोला

पडदा उघडायच्या बेतात होता. उल्काने मँडोलाच्या, म्हणजे तिच्या मोठ्या मँडोलिनच्या, तारा छेडल्या आणि ती दचकली. सगळे सूर बदलले होते.

"किती बेसूर झाला होता गं! मी नीट लावून ठेवलाय," दादा शाबासकीच्या अपेक्षेने म्हणाला.

तो बेसूर नव्हता. अपघातानंतर तिची करंगळी वळेनाशी झाली, तेव्हा तारा दाबायला उरलेल्या तीन बोटांनी वाजवता यावं म्हणून तिने वर्षभर खपून ती वेगळी जुळणी शोधली होती.

"मला विचारायचंस तरी!"

"अगं, पुस्तकात असते तशीच जुळणी आहे. एक तरी सूर चुकलाय का?"

तिने ताठ करंगळी त्याच्या नाकासमोर धरली.

बाहेर निवेदकाने तिचं नाव पुकारलं. खुंट्या सैल करत ती म्हणाली, "आता बाहेर जा आणि लोकांना थांबायला सांग. माझ्या करंगळीचं रडगाणं नको. तू काय केलंस, ते सांग."