कॅफीन काढलेली कॉफी

दहाव्याला घाटावर पिंड ठेवून तास झाला, तरी कावळा शिवेना. "ताई, आप्पांचा जीव कॉफीत अडकलाय," भाऊ म्हणाला. तिने पिशवीतून थर्मास काढला.

हृदयाच्या दुखण्यामुळे वडिलांची कॉफी तिनेच बंद केली होती. "थोडं थांबा, प्रयोगशाळेत मी तुमच्यासाठी कॅफीन काढलेली करते." प्रचंड दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये कॅफीन विरघळतं, चव बियांतच राहते, हे तिने त्यांना किती कौतुकाने समजावलं होतं. पण बिया भिजवल्या तर त्यांची आवडती चव जाईल, या धास्तीने तिने त्या कोरड्याच वापरल्या, आणि कोरड्या बिया कॅफीन सोडेनात. शेवटी भिजवून पाहिल्या तेव्हा जमलं. बरणी घेऊन ती घरी पोचली, तर दारात चपलांचा ढीग होता. आप्पांना जमिनीवर ठेवलं होतं.

तिने पिंडाशेजारी त्याच बरणीतल्या कॉफीचा पेला भरून ठेवला. कावळा फांदीवरून हलला नाही.

मग तिने पर्समधून छोटी बाटली काढली. बियांतून निघालेल्या कॅफीनची पांढरी पूड, आप्पांना दाखवायला जपलेली. सगळी तिने पेल्यात ओतली, बोटानेच ढवळली.

"घ्या आप्पा," ती म्हणाली, "आता काही होणार नाही तुम्हाला."