बिस्किटांच्या डब्यातले श्रोते

"अरे, तुझ्या प्रत्येक वाक्याला कोंबडी होकार देतेय," जुनी टेप ऐकता ऐकता ओर्ला भावाला म्हणाली.

डेक्लन हसला नाही. चाळीस वर्षांपूर्वी आयर्लंडमधल्या त्यांच्या खेड्यात त्यानं बहिणीच्या खुराड्यातून चोरटं रेडिओ केंद्र चालवलं होतं. जुन्या कॅसेटी जपणाऱ्या एका संग्रहालयानं आता त्याला शेवटच्या आठवड्याचं ध्वनिमुद्रण पाठवलं होतं. त्यात विशीतला डेक्लन विनवत होता, "कुणी ऐकत असेल तर एक पत्र टाका. नाहीतर शुक्रवारी केंद्र बंद."

शुक्रवारी त्यानं ट्रान्समीटर विकला आणि पुढं जन्मभर खिडक्यांचे पडदे विकले.

"एकसुद्धा पत्र आलं नाही गं."

ओर्लानं उठून बिस्किटांचा डबा आणला. तो बंद पाकिटांनी गच्च भरला होता. "आली होती की! तूच बजावलं होतंस, पाकीट आलं म्हणजे कोर्टाचं समन्स. फोडायचं नाही, मला दाखवायचंही नाही."

इतकी आज्ञाधारक बहीण मिळायला नशीब लागतं.

त्यानं पहिलं पाकीट फोडलं. समन्सच होतं. त्याला जरा बरं वाटलं.

दुसऱ्यात थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, "बंद नका करू. आमचे हे गेल्यापासून घरात तुमचाच तेवढा आवाज असतो. आणि कोंबडीचा."

तिसरं फोडायचा त्याला धीर होईना. टेपवरचा डेक्लन अजून विचारतच होता, "आहे का कुणी तिकडे?"

"आहेत रे, डबाभर आहेत," म्हातारा पुटपुटला.

टेपवरून कोंबडीनं तेवढा होकार दिला.