शंभरच टी-शर्ट

"शंभरच. एकशे एकावा छापायचा नाही," हर्षालीने रविराजला दुसऱ्यांदा बजावलं. "मिळाला नाही म्हणून माणूस हळहळला पाहिजे. मग तो सायकलपाशी येतो."

रविराजच्या 'डोंगरधार' सायकली महिन्याला जेमतेम चार निघायच्या. त्या चारही अंबडच्या शेडमध्ये हर्षालीचे वडील, गोरक्षनाना, हाताने जोडायचे. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस. घरी बसवलं की आजारी पडायचा, वेल्डिंग हाती आलं की तरणाताठा. दसऱ्यापर्यंत सायकलीचं नाव झालं नाही, तर शेड बंद करायची, असं रविराजने स्पष्टच सांगितलं होतं.

सायकलीची जाहिरात हर्षालीकडे होती, पण ती घाबरली नाही. घाबरणं तिला कधी जमलंच नव्हतं.

डिझाइन तिला नानांच्या डब्यात सापडलं. दोन पाइप एकमेकांत नीट बसावेत म्हणून नाना पाइपाला कागदी फर्मा गुंडाळायचे आणि त्याच्या कडेवरून पाइप कापायचे. कागद उलगडला की ती कड चढत-उतरत गेलेली दिसायची. हर्षालीने असे सात फर्मे एकामागे एक मांडले आणि टी-शर्टच्या छातीवर अख्खी डोंगररांग उभी राहिली.

"अरे, हा तर ब्रह्मगिरी," रविराज खूश झाला.

"तुमच्या सायकलीची हाडं आहेत ती. लोकांना डोंगर दिसू दे, चालतंय."

"माझे फर्मे लोक अंगात घालणार?" नाना म्हणाले. "लय झालं." पण त्या दिवशी ते काम करताना शीळ घालत होते, आणि ते ऐकून हर्षालीला फार बरं वाटलं.

शनिवारी रविराजने आपलं सायकलचं दुकान उघडलं आणि अकराच्या आत शंभरही टी-शर्ट संपले. रांगेत मागे राहिलेले लोक नाव आणि नंबर लिहून गेले. रविराजचा फोन दुपारपर्यंत कानापासून हलला नाही.

सोमवारी तो टेप घेऊन शेडमध्ये आला. नानांचं टेबल मोजलं, टेबलापासून खिडकीपर्यंतची जागा मोजली.

"कमी पडणार," तो पुटपुटला.

हर्षालीने नानांकडे पाहून भुवया उडवल्या. काय सांगितलं होतं मी?

"तू अजून पाच डिझाइनं काढ," रविराज म्हणाला. "आणि नाना, हातातली फ्रेम जरा जास्त मन लावून करा. रंगही झकास मारा."

"कोणाची हाय?"

"आपलीच."

नानांनी चष्मा पुसला आणि पुन्हा कामाला लागले. हर्षालीने वही उघडली. नानांच्या हाताखाली आता माणूस घ्यावा लागणार, पाइप आधी मागवून ठेवावे लागणार. तिच्या डोक्यात सगळं पक्कं होतं.

"मग महिन्याला किती सायकली धरायच्या?" तिने विचारलं.

रविराजने टेप गुंडाळून खिशात टाकला. "सायकल आता ही एकच. दुकानाच्या काचेत टांगू, खाली टी-शर्ट मांडू. इथे परवापासून छपाई."