वरचा पाडा

बदलापूरच्या डोंगरातल्या खालच्या पाड्याला विद्यापीठाने शुद्ध पाण्याची टाकी दिली. वरचा पाडा ओढ्याचंच पाणी प्यायचा. तिथे विद्यापीठातले सर विद्यार्थ्यांना घेऊन फक्त पोरांची वजनं घ्यायला यायचे.

“सर, आमचे पाड्याला टाकी कवा?” बाळी दर खेपेला विचारायची.

“अभ्यास पूर्ण होऊ दे, ताई.”

पावसाळ्यात बाळीची धाकटी हगवणीने गेली.

विद्यापीठाला ग्रामविकासाचा पुरस्कार मिळाला, तेव्हा सरांनी आठवणीने बाळीला स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ दिला. माइकवर म्हणाले, “खालच्या पाड्यातली मुलं टाकीमुळेच वाचली, हे यांच्या पाड्यामुळे सिद्ध झालं!”

टाळ्या संपेपर्यंत बाळी थांबली.

“सर, आता तरी टाकी?”

“आता कुठली, ताई? अभ्यास संपला ना.”