वर केलेला हात

दोनला दहा मिनिटं कमी होती आणि ब्लाझेनाबाई जुन्या डब्यावरचा हात काढायला तयार नव्हत्या.

"आधी दोनचं माप तुमच्या नव्या डब्यातून ब्रनोला पोहोचू दे," त्या म्हणाल्या. "मग बघू."

चेक देशातल्या येसेनिकीच्या डोंगरात मार्चमध्येही कंबरभर बर्फ असतो. बाईंच्या परसातल्या पांढऱ्या पेटीतून हवेची मापं रोज सातला, दोनला आणि रात्री नऊला या डब्यात येतात आणि टेलिफोनच्या तारेवरून ब्रनोच्या हवामान कचेरीत जातात. बावीस वर्षांत एकही चुकलं नव्हतं. नवरा गेला त्या सकाळीसुद्धा सातचं माप वेळेवर गेलं, हे त्यांनी बोहुमिलला बूट काढायच्या आत ऐकवलं होतं.

बोहुमिल आमच्यातला. कितीतरी कचेऱ्यांचे संगणक ज्या फुकट प्रणालीवर चालतात, ती आम्ही काही मंडळी मिळून सांभाळतो. तिच्या नव्या आवृत्तीतून तारेवरची ही जुनी जोडणी काढून टाकायची होती. तिला कडीकुलूपच नव्हतं. कुणीही आत शिरावं आणि हवं ते उचलून न्यावं. पण आमचा नियम असा की काही काढायचं तर वर्षभर आधी सगळ्यांना विचारायचं, कुणी वापरतंय का? एक जरी हात वर आला तर ती गोष्ट आणखी दोन वर्षं राहते. आणि ज्याने हात वर केला त्यानेच तो खाली घ्यायचा.

अकरा महिने कुणी हूं की चूं केलं नाही. बाराव्यात बाईंची दोन ओळींची मेल आली. मी वापरते. मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

आज दुपारी तीनला काय काढायचं आणि काय ठेवायचं याची यादी बंद होणार होती. आता गंमत बघा. ती जोडणी सव्वीस वर्षांपूर्वी लिहिली होती बोहुमिलनेच. प्रणालीत त्याची तेवढी एकच गोष्ट नावानिशी शिल्लक होती. गप्प घरी बसला असता तर बाईंच्या कृपेने आणखी दोन वर्षं राहिली असती. त्याऐवजी या साठी उलटलेल्या माणसाने कुलूपबंद जोडणीचा नवा डबा पाठीवर टाकला, पहाटेची गाडी धरली आणि शेवटचे चार किलोमीटर बर्फ तुडवत आला. मला तर हे जमलं नसतं, खरं सांगतो.

बाईंना त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगितलं तर भिडेखातर हात वरच ठेवतील, ही भीती.

दोन वाजले. नव्या डब्यावरचा हिरवा दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. रम घातलेला चहा निवत होता, खसखस भरलेल्या गोड पावांना, बुख्तींना, कुणी हात लावला नव्हता. चार मिनिटांनी बोहुमिलचा फोन वाजला. ब्रनोहून राडका होती, आमची यादी सांभाळणारी. माप पोहोचलं होतं. उणे तीन, बर्फ एक्क्याण्णव सेंटिमीटर. आणि यादी अजून उघडी होती, हेही तिने दोनदा सांगितलं.

बाईंनी डब्यावरचा हात काढला. पण तसं यादीला कळवायला संगणकाकडे काही जाईनात.

"याने मला कधी दगा दिला नाही," त्या म्हणाल्या. "ज्याने कुणी केलं असेल तो माणूस पक्का असणार. त्याचं काम असं उपटून फेकायचं? त्याला काय वाटेल?"

बोहुमिलने चहाचा घोट घेतला. त्याला बरं वाटलं होतं, फार बरं वाटलं होतं, आणि ते त्याला लपवता येईना.

"त्याला चालेल," तो म्हणाला. "दार त्यानेच उघडं ठेवलं होतं. बंदही त्यानेच करायला हवं."

"तुम्ही ओळखता त्याला?"

"रोज सकाळी दाढी करताना दिसतो."

बाई मग, अहो, हे आल्या आल्या सांगायला काय झालं होतं, असं काहीतरी पुटपुटत उठल्या आणि त्याच्या ताटलीत तीन बुख्ती वाढल्या. नको म्हणाला, तर चौथी वाढली. मग संगणकापुढे बसून एका बोटाने एक ओळ लिहिली आणि पाठवून दिली. मला आता गरज नाही.

तीनला वीस मिनिटं होती.

त्यानंतर त्यांनी चष्मा पुसला आणि हवामानाची वही काढली. मापं संगणकाने जातात तरी त्या वहीत हाताने लिहितातच. उणे तीन लिहिलं. एक्क्याण्णव लिहिलं. शेवटी शेऱ्याचा रकाना असतो, तिथे गारा, धुकं, वीज असलं काही लिहायचं. बाई तिथे थांबल्या आणि त्याला पूर्ण नाव विचारलं. आडनाव दोनदा म्हणायला लावलं. मग सावकाश लिहिलं:

"आज दुपारी जुनी जोडणी काढली. काढणारे बोहुमिल क्रशिंस्की. बांधणारेही तेच. बावीस वर्षांत चुकलेली मापं: शून्य."