दुखवट्याचा टॉवेल

विश्रामगृहाच्या व्हरांड्यात रुद्रप्पानं पिशवीतला टॉवेल एकदा चाचपून पाहिला आणि आप्पांचा हात धरून त्यांना आत नेलं.

रुद्रप्पा म्हणजे चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखानदारांचा सरकारदरबारचा माणूस. तो मंत्रालयाच्या पायऱ्या चढायला लागला की वरच्या मजल्यावरच्या फायली आपणहून नाड्या सोडून बसतात, असं लोक म्हणत. एकदा सचिव सुट्टीवर असताना त्यांची सही एकटीच चालत आली होती, हे तर त्यानं स्वतःच सांगितलेलं. पण या खेपेला फाईल हलेना. बॉयलरची सरकारी तपासणी बंद करावी, मालकाच्या सहीच्या दाखल्यावर भागवावं, एवढंच तिच्यात होतं. मंत्री पेन उघडणार, तोच प्रभुलिंग शेठच्या टॉवेल कारखान्यात बॉयलर फुटला. बॉयलरवर कामाला असलेला आप्पांचा मुलगा दिपक त्यात गेला.

"आधी त्या बापाचं मिटवा," मंत्र्यांचा निरोप आला, "मग फाईल."

आप्पा मिटणाऱ्यांतले नव्हते. कारखान्याच्या फाटकासमोर बसून राहिले. माढ्याहून भावकी दुखवट्याची टॉवेल-टोपी घेऊन आली, सोयरे आले; आप्पांनी सगळ्यांना हात जोडून परत धाडलं. "चौकशी झाल्याबिगर दुखवटा घेत न्हाई." दुखवटा घेतला की सुतक सरलं. मग माणसानं कामाला लागावं, गेलेल्याचा विषय चारचौघांत काढू नये, ही रीत.

रुद्रप्पाला रीत ठाऊक होती. "शेठ," तो म्हणाला होता, "सरकार वळवायला कायदा लागत नाही. टॉवेल लागतो."

"तो तर आपल्याकडं ढिगानं आहे की!" शेठ खूश झाले. "फाईल सुटू दे, तुमच्या पोराला, नंदीशला, नव्या बॉयलरवर इनचार्ज करतो."

नवा म्हणजे बंद पडलेल्या कुठल्याशा गिरणीतून उचललेला. रंग तेवढा नवा होता.

साहेबांपुढं तुमचं म्हणणं मांडा, एवढंच सांगून रुद्रप्पानं आप्पांना विश्रामगृहावर आणलं होतं. आत मंत्री सोफ्यावर, शेजारी शेठ, भिंतीशी फोटोवाले. आप्पांनी सदऱ्याच्या खिशातून अर्ज काढला.

"साहेब, तपासणी बंद करू नगा. माज्या पोरानं दोनदा सांगितलं हुतं की—"

मंत्री उठून उभे राहिले. रुद्रप्पानं टॉवेल पुढं केला आणि तो आप्पांच्या खांद्यावर कधी पडला हे आप्पांनाही कळलं नाही. टोपी डोक्यावर बसली. "आप्पा, तुमच्या दुःखात आम्ही सगळे आहोत." कॅमेरे लखलखले. शेठनी कोरडे डोळे पुसले. अर्ज आप्पांच्या हातातच राहिला, आणि खोलीतल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

आप्पांनी टॉवेल खांद्यावरून काढला. बोटांनी पोत बघितला, काठ उलटून बघितला. मग अर्ज खिशात घातला.

"ह्यो कुणाचा?"

"साहेबांचा की. घ्या, घ्या," रुद्रप्पा म्हणाला.

मंत्री मुरलेले होते. जन्म गावातलाच, दुखवट्याचं देणं कुणाच्या अंगाला चिकटतं ते त्यांना पक्कं माहीत होतं. "छे छे, आप्पा, आम्ही निमित्त," ते म्हणाले. "आणलाय रुद्रप्पांनी."

आप्पांनी रुद्रप्पाकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. "तुमचा व्हय? बरं झालं इचारलं. आमच्यात दुखवटा ठिवून घेत न्हाईत. फेडत्यात. देवानं तुमच्या दारी तशी येळ आणली की म्या सोता घिऊन यीन."

आवाजात राग म्हणून नव्हता. लग्नघराचा पत्ता विचारावा तसं त्यांनी पुढं विचारलं, "पोरं किती तुमाला?"

"एकच."

"कुटं आसतो?"

रुद्रप्पा रिकामी पिशवी गुंडाळू लागला. शेठच हौसेनं मदतीला धावले.

"उद्यापासून आपल्याच बॉयलरवर की, आप्पा! तुमच्या दिपकच्याच जागी."

आप्पांनी टॉवेलची घडी घातली, काठाला काठ जुळवून. टोपी उतरवून तिच्यावर ठेवली.

"मंग लांब न्हाई," ते म्हणाले. "चालत यीन."

फाईल त्याच संध्याकाळी सुटली. शेठनी पेढे वाटले. रुद्रप्पानं आपला पेढा कागदात गुंडाळून खिशात टाकला आणि विसरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नंदीशला मोटारसायकलवरून फाटकापर्यंत सोडायला गेला. नंदीश हसला. "अण्णा, मी काय शाळेत चाललोय का?"

"बॉयलर तपासला का रे कुणी?"

"आता कुणी कशाला? शेठनी सही केली की काल. तुम्हीच तर फाईल काढली."

तो आत गेला. थोड्या वेळानं चिमणीतून पहिला धूर निघाला. गाडी वळवताना रुद्रप्पाचं लक्ष समोर गेलं. लिंबाखाली आप्पा बसले होते, उघड्या डोक्यानं. मांडीवर टॉवेल होता, घडी न मोडलेला.

रुद्रप्पाला बघून ते उठले आणि सोयऱ्याला करावा तसा त्यांनी नमस्कार केला.